पहिला मान वरपक्षाचा

माझी सगळी नोकरी दुरुस्त्या करण्यात गेली. मानवतच्या एका कॉलेजात मी वरिष्ठ लिपिक आहे. सिद्धोधन हे नाव फक्त पगारपत्रकावर, बाकी सगळं गाव मला भाऊसाहेब म्हणतं. कुणाच्या दाखल्यावर पोरगा बापाच्या आधी जन्मलेला असतो, कुणाच्या आईच्या जागी गावाचं नाव जाऊन बसलेलं असतं. असे लोक तोंड पाडून माझ्या टेबलापुढं उभे राहतात. मी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघतो आणि म्हणतो, "अर्ज करा. बघू." या 'बघू'मध्ये जी ऐट आहे ती मंत्र्याच्या भाषणातही नाही. चूक माणसाच्या हातून होणारच, आणि ती दुरुस्त करणारा एक भाऊसाहेब जगात कुठंतरी बसलेला असणारच, या भरवशावर मी आजवर जगत आलो. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या यादीनं तो भरवसा पार धुळीला मिळवला.

यादी म्हणजे काय ते परभणी जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. पुण्याकडचं कुणी वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगतो. सोयरीक जमली की दोन्हीकडची चार चार शहाणी माणसं एका सतरंजीवर बसतात. मंडप कुणाचा, जेवण कुणाचं, गाड्या कुणाच्या, नवरदेवाच्या मामाला काय द्यायचं, सगळं कागदावर लिहितात आणि खाली दस्तखत करतात. मग एक कागद इकडं, एक तिकडं. पुढं लग्नापर्यंत दोन्ही कागदांत हळूहळू फरक पडत जातो, आणि लग्नाच्या दिवशी दोन याद्या समोरासमोर आल्या की एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. धम्मात मानपान बसत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. विहारात या विषयावर मी स्वतः दोनदा बोललोय, टाळ्याही पडल्यात. पण माणूस विहारात वेगळा आणि व्याही झाल्यावर वेगळा, याला मी काय करू?

आमची धम्मशीला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिनं आजवर जेवढी स्थळं नाकारली तेवढ्यांत एक ग्रामपंचायत उभी राहिली असती. एकाची मिशी आवडली नाही, एक जण बोलताना आपल्या आईकडं बघत होता, एकानं तिला 'पॅरासिटामॉल म्हणजे काय' असं विचारून परीक्षा घेतली. असं करता करता ताडकळसचा बालाजी आला. पोरगा कॉम्प्युटरवाला. पुण्याच्या कंपनीत नोकरी, पण काम घरूनच. घरात नेटवर्क मिळत नाही म्हणून माळवदावर छत्री लावून बसतो. त्यानं धम्मशीलाकडं बघितलं, तिनं त्याच्याकडं बघितलं, मग दोघांनी मिळून चिवड्याकडं बघितलं. पाहुणे गेल्यावर ती आईला म्हणाली, "चालंल." आमच्या घरात हा शब्द कधी ऐकलेलाच नव्हता. माझी बायको पंचफुला त्या रात्री आनंदानं भाजीत मीठ टाकायला विसरली. ही सोयरीक काही झालं तरी मोडू द्यायची नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

अडचण एकच होती, आणि तिचं नाव लिंबाजीराव. बालाजीचे वडील. एसटीतले निवृत्त कंडक्टर. माणूस मनानं चांगला, पण मानाच्या बाबतीत कच्च्या गळवासारखा, हात लावायची सोय नाही. थोरल्या मुलाच्या लग्नात मुलीकडच्यांनी यादीत गाड्या तीन लिहिल्या होत्या, आल्या दोन. लिंबाजीराव स्वतःच्या मुलाच्या वऱ्हाडात गाडीच्या दारातल्या दांडीला धरून उभ्यानं गेले.

"सारी उमर उभ्यानं काढली, भाऊसाहेब," ते मला बैठकीत म्हणाले. "लेकाच्या लग्नात तरी बसायला मिळंल म्हणलो. तर तिथंबी उभाच! आन् यादी दाखवा म्हणलो तर त्यांच्या कागदावर दोनच गाड्या! कागदावर आता माझा भरोसा राह्यला न्हाई. आमचा बालाजी म्हणायलाय, ब्लॉकचेनवर यादी टाकायची. एकदा चढली की कलेक्टर आला तरी खोडता येत न्हाई."

माझ्या शेजारी बन्सीधरराव बसले होते. हे आमचे शेजारी, मोंढ्यातले धान्याचे आडते, आणि आमच्या बाजूच्या चार शहाण्यांपैकी एक. ब्लॉकचेन म्हटल्यावर ते दचकले.

"त्ये कॉईनवालं का?" त्यांनी विचारलं. "मी घेतलं होतं. मोबाईलमधी दिसायलंय, पर काढायला गेलं की सर्व्हर बिझी. ज्यानं घ्यायला लावलं त्यो दुबईला गेला म्हणं."

"काका, तुमाला गंडवलं त्यो माणूस होता, ब्लॉकचेन नव्हती," बालाजी म्हणाला. पोराचं बोलणं गोड. "कॉईन त्याच रस्त्यावरनं पळतंय, पर ह्यो रस्ता दुसऱ्या कामालाबी येतोय. असं समजा, यादीची एक नक्कल तुमच्याकडं, एक आमच्याकडं, आन् अशाच नकला जगभरात हजारो कॉम्प्युटरवर. एकानं आपल्या नकलेत खाडाखोड केली की बाकीचे सगळे म्हणतेत, ह्यो लबाड बोलायलाय. म्हणून कुणा एकाला बदल करताच येत न्हाई."

"याचा प्रमुख कोण?" मी विचारलं.

"कुणीच न्हाई."

"मग प्रभारी?"

"प्रभारीबी न्हाई, काका."

मी तेव्हाच उठायला पाहिजे होतं. ज्या कारभाराला साधा प्रभारीसुद्धा नाही तिथं भल्या माणसानं पाऊल टाकू नये. पण 'चालंल' हा शब्द माझ्या कानात होता. बालाजीनं मग आपल्या कंपनीचं काम सांगितलं. कापसाच्या गाठी जिनिंगमधून निघाल्या की गिरणीपर्यंत कुणाच्या हातात कधी होत्या, याची नोंद ते ठेवतात. देणारा अंगठा देतो, घेणारा अंगठा देतो, मधल्या मध्ये कुणी गाठ बदलली की सापडतो. मला ते पटलं. कामाची गोष्ट होती.

"आणि गाठीत आधीपासूनच दगड भरले असतील तर?" मी जरा कारकुनी बुद्धी चालवली.

"त्ये त्याला कळत न्हाई," बालाजी म्हणाला. "काय लिहिलं ते त्ये जपून ठेवतंय. बरोबर लिहिलं का चूक, त्ये माणसानंच बघायचं."

इतकं शहाणपणाचं वाक्य माझ्या घरात, माझ्या सतरंजीवर बोललं गेलं आणि मी मान डोलावून बेसनाचा लाडू खाल्ला. असो.

तर बालाजीनं ते गाठींचं ॲप जरा इकडं तिकडं करून माझ्या आणि लिंबाजीरावांच्या मोबाईलमध्ये घातलं आणि त्यात यादी भरली. काय काय ठरलं ते आम्ही सांगत गेलो. मंडप मुलीच्या दारात. वऱ्हाडाला गाड्या. सकाळी अंघोळीला गरम पाणी, मग चहा, पोहे. पंगतीला बुंदी, वरणभात, पुरी, वांग्याची भाजी. मामाला टॉवेल-टोपी. जाताना शिदोरी. आणि शेवटचं कलम लिंबाजीरावांनी स्वतः घातलं, की वऱ्हाडाला काही कमी पडलं तर यजमानानं चारचौघांत हात जोडून माफी मागायची. पंचफुलानं आतून भांडं जरा जोरात ठेवलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"आता दोघांनी आपापल्या मोबाईलवर अंगठा द्यायचा," बालाजी म्हणाला.

आमच्या आजोबांच्या पिढीनं अंगठा सोडून सही शिकण्यासाठी केवढे हाल काढले, आणि नातवांची पिढी फिरून अंगठ्यावर! पण हे मनातल्या मनात. तोंडानं मी म्हणालो, "लिंबाजीराव, आधी तुमी."

"छे छे, आधी तुमी. पोरीचा बाप हाव."

"अहो असं कसं? पहिला मान वरपक्षाचा!"

हे वाक्य मी म्हणालो नसतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कोणता मुलीचा बाप ते म्हणणार नाही? आपल्याकडं कुंकू लावायचं असो, नारळ द्यायचा असो की पाण्याचा तांब्या पुढं करायचा असो, आधी मुलाकडचे. लिंबाजीराव 'न्हाई न्हाई' म्हणाले खरे, पण तोवर त्यांनी बाही वर सारली होती. आपल्या चार शहाण्यांकडं एकदा बघून त्यांनी अंगठा टेकवला. मोबाईल घेईना. तिकिटं फाडून फाडून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. ओला रुमाल आला, अंगठा पुसला, फुंकर मारली, बन्सीधररावांनी 'जरा वाकडा धरा' असा सल्ला दिला. अखेर टिंग वाजलं. मग माझा अंगठा, मग दुसरं टिंग, मग टाळ्या.

या सगळ्या काळात ज्या एका माणसानं पडद्यावर काय उमटतंय ते बघायचं, तो बालाजी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होता. दारात धम्मशीला उभी होती. मी त्याला दोष देत नाही. मीही एका बैठकीत असाच दाराकडं बघत राहिलो होतो, म्हणून तर आज पंचफुला माझ्या घरात आहे.

संध्याकाळी यादी आपोआप दोन्ही घरांच्या आणि झाडून सगळ्या पाहुण्यांच्या ग्रुपवर येऊन पडली. माझी धाकटी पिंकी मोठ्यानं वाचायला लागली आणि दुसऱ्याच ओळीला तिला हसू आवरेना.

"पप्पा, ऐका. देणार पक्ष, लिंबाजीराव. घेणार पक्ष, सिद्धोधन, मंजे तुमी! देणार पक्ष आपल्या दारात मंडप घालील. देणार पक्ष घेणार पक्षाच्या वऱ्हाडाला गाड्या पाठवील. घेणार पक्ष वाजत गाजत येईल. घेणार पक्षाच्या मामाला टॉवेल-टोपी. आन् काही कमी पडलं तर लिंबाजीकाका तुमाला हात जोडणार! पप्पा, आपण मुलाकडचे झालोत!"

पंचफुला मटकन खाली बसली. बसल्या बसल्याच म्हणाली, "मंजे वऱ्हाडाचं पाणी मला तापवायचं न्हाई?" तिच्या तोंडावर क्षणभर जे सुख दिसलं ते मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या क्षणी तिनं तोंडावर हात ठेवला. "आगं बया! व्याही काय म्हणतील?"

मी बालाजीला फोन लावला. पोरगा माळवदावर होता, वारा ऐकू येत होता.

"काका, माझ्या ध्यानातच राह्यलं न्हाई," तो रडकुंडीला आलेला. "ॲप गाठीचं हाय. त्याला मुलीकडचे-मुलाकडचे कळत न्हाई, देणारा आन् घेणारा एवढंच कळतंय. गाठीत देणारा आधी अंगठा देतोय, घेणारा मागून. बाबानं आधी दिला, तर त्येनं बाबालाच देणारा धरलं."

"हरकत नाही," मी म्हणालो. अशा वेळी माझा आवाज आपोआप ऑफिसचा होतो. "दुरुस्ती टाक."

"खोडता येत न्हाई. वरून एक नवी नोंद टाकता येती, दोघांच्या अंगठ्यानं. पर जुनी खाली तशीच दिसत राहती. कायमची."

राहू दे की! आमच्या रजिस्टरातही चुकीवर एक रेघ मारून बाजूला सही करतात, मूळ दिसतंच. मी निवांत झालो. पंचफुलाला म्हणालो, उद्या दोन अंगठे, काम खलास. आणि तेवढ्यात पुन्हा बालाजीचा फोन आला.

"काका, बाबानं ॲप मिटवलं."

"म्हणजे यादी गेली?"

"यादी न्हाई गेली. यादी हजार ठिकाणी हाय. बाबाची चावी गेली. त्यांच्या अंगठ्याची चावी त्या मोबाईलातच होती. आता बाबाच्या नावानं दुरुस्ती कुणालाच करता येत न्हाई. मलाबी न्हाई, कंपनीच्या मालकालाबी न्हाई."

म्हणजे रागाच्या भरात लिंबाजीरावांनी यादी पुसायला जाऊन यादी बदलायचा आपला हक्क तेवढा पुसला होता. हे मला समजेपर्यंत फोन खुद्द त्यांनीच ओढून घेतला.

"भाऊसाहेब, तुमी कारकून लोकं लय बेरकी!" ते गरजले. "पहिला मान, पहिला मान म्हणून माझ्या गळ्यात घोंगडं घातलंत! सगळ्या पाव्हण्यांत माझं हसं केलंत. सोयरीक मोडली समजा!"

मला बोलूच दिलं नाही. उभ्या आयुष्यात कुणाचा पेन्सिलीचा तुकडाही न उचललेल्या माणसाला बेरकी! मी रागानं फोन टेबलावर आपटला. पण मागं वळून बघितलं तर धम्मशीला उभी होती. ती रडत नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"पप्पा," ती म्हणाली, "मी चालंल म्हणले होते ना, अजूनबी तेच हाय."

माझा राग तिथल्या तिथं गेला. अपमानाचं मागं बघू, आधी पोरीचं बघा, असं मी स्वतःला म्हणालो. दुसऱ्या दिवशी किरकोळ रजा टाकली आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या शोधात निघालो.

आधी दाखले काढून देतात त्या केंद्रात गेलो. तिथल्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आधार लिंक हाय का?" कशाला लिंक, ते तिलाही सांगता येईना. मग कोर्टाबाहेर बसणाऱ्या नोटरीकडं गेलो. तो म्हणाला, "प्रतिज्ञापत्र करून देतो, पाच मिनिटांत. सादर कुणाकडं करायचं तेवढं सांगा." मी म्हणालो, हजारो अनोळखी कॉम्प्युटरांकडं. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि शिक्का परत ड्रॉवरमध्ये ठेवला. मोबाईलच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "हँडसेट फॉरमॅट मारू का?" मी म्हणालो, बाबा, एकानं तेच करून ठेवलंय. त्या दिवशी मला माझ्या टेबलापुढं तोंड पाडून उभं राहणाऱ्या लोकांची आठवण झाली. त्यांना निदान टेबल तरी होतं.

घरी शेजाऱ्यांची सभा भरलेली होती. एकानं सांगितलं, जगातली लाईट गेली की सगळं पुसलं जाईल, वाट बघा. दुसरा म्हणाला, मुलाचं नाव बदला, मग ती यादी दुसऱ्याच कुणाची होते. बन्सीधररावांच्या नर्मदाबाईंनी मोबाईलवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. आम्ही या गोष्टी मानत नाही हे मी त्यांना सांगणार होतो, पण पंचफुलानं डोळ्यानं दटावलं. शेवटी बन्सीधरराव म्हणाले, "भाऊसाहेब, मोंढ्यात सौदा फिसकटला की आमी फोनवर बोलत न्हाई. समोर जाऊन बसतो. उठा. गाडी काढतो मी."

हा एकच सल्ला कामाचा निघाला. ताडकळसचा बाजार होता त्या दिवशी. बन्सीधररावांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी तोंडात वाक्य घोळवत होतो. मंडप माझा, गाड्या माझ्या, माफीसुद्धा माझी, यादी काहीही म्हणो. वाटेत पाठीचं पार भजं झालं. बाजाराच्या तोंडाशी गर्दीत गाडी अडकली. बन्सीधररावांनी लिंबाजीरावांचं घर विचारलं, तर मिरच्या विकणाऱ्या एका बाईनं मला निरखून बघितलं.

"लिंबाजी कंडक्टरचे व्याही का तुमी?"

मी भीत भीत हो म्हणालो. आता शिव्या खाव्या लागणार.

"नशीब काढलंत माय! असला व्याही मिळाया भाग्य लागतंय," ती म्हणाली आणि मूठभर मिरच्या मला पिशवीत घालून दिल्या, फुकट.

मला काही उलगडेना. पुढं चहावाल्यानं नमस्कार केला. एक जण म्हणाला, आमच्या गावाचं नाव काढलं त्यांनी. लिंबाजीरावांच्या गल्लीत शिरलो तर अंगणात माणसंच माणसं. मधे खुर्चीवर लिंबाजीराव, खांद्यावर शाल, गळ्यात हार, आणि तोंड असं की हसावं की रडावं ते ठरलेलं नाही. समोर विहार समितीचे दत्तराव भाषण करत होते.

झालं होतं असं. पाहुण्यांच्या ग्रुपवरची यादी फिरत फिरत गावभर गेली होती. लोकांनी ती वाचली आणि त्यांना वाटलं, लिंबाजीरावांनी हे जाणूनबुजून केलं. मुलीच्या बापाला तोशीस नको, वऱ्हाड मुलीकडचं, मान मुलीकडच्यांचा, आणि हे सगळं अशा ठिकाणी लिहून ठेवलं की पुन्हा फिरवता येऊ नये!

"बोलणारे लय असतेत," दत्तराव म्हणत होते. "आमीबी बोलतो. पर अंगठा देऊन मोकळा होणारा एकच निघाला!"

टाळ्या संपायच्या आत मी, या अडाण्यानं, पुढं होऊन हात जोडले आणि घोळवून ठेवलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. "लिंबाजीराव, चूक माझी. मंडप माझ्या दारात. सगळा जिम्मा माझा. ती यादी विसरा, पण सोयरीक मोडू नका."

लिंबाजीरावांनी माझ्याकडं बघितलं. दत्तरावांकडं बघितलं. मग खांद्यावरच्या शालीकडं बघितलं. माळवदावरून बालाजी खाली डोकावत होता.

"भाऊसाहेब," लिंबाजीराव सावकाश उठत म्हणाले, "भर अंगणात माझी इज्जत घ्यायला आलाव का? एसटीत होतो मी. तिकीट एकदा फाडलं की फाडलं. मग पाशिंजर शेवटच्या स्टॉपापर्यंत न्यायचा जिम्मा माझा. मंडप माझ्याच दारात!"

दारातून त्यांच्या बायकोचा, चतुराबाईंचा आवाज आला. "मग काल त्ये ॲप कामून मिटवलंत?"

लिंबाजीराव अडखळले, पण अर्धा क्षणच. "मलाबी कधी मोह होऊ ने म्हणून!"

काय टाळ्या पडल्या! बन्सीधररावांनी शिट्टी वाजवली. मी तिथल्या बाजेवर बसलो आणि तीन कप चहा प्यालो. सुटलो, सुटलो, एवढंच डोक्यात वाजत होतं. मागून हात धुवायच्या निमित्तानं लिंबाजीराव मला गोठ्याकडं घेऊन गेले.

"खरं सांगू का," ते हळूच म्हणाले, "काल लय बिघडलो होतो. बेरकी म्हणलो तुमाला. पर सकाळपसून लोकं गळाभेट घ्यायलेत. ज्या दत्तरावनं मला कधी खुर्ची दिली न्हाई त्यो शाल घेऊन आला. आता ह्या खुर्चीवरनं उतरावं म्हणलं तर उतरता येईना." मग खांद्यावरची शाल सावरत म्हणाले, "आन् खरं तर, चढल्यावर बरंच वाटायलंय."

मी त्यांचा हात धरला.

लग्न ताडकळसला झालं. मुलाच्या दारात लग्न होण्यात नवं काही नाही, पण मुलीकडचं वऱ्हाड म्हणून राजासारखं उतरण्यात काय सुख असतं ते सांगून कळणार नाही. आमच्यासाठी गाड्या आल्या. गरम पाणी, चहा, पोहे. पंचफुला खुर्चीवर बसली होती आणि सवयीनं दर पाच मिनिटाला उठून कुणाला काय हवं नको ते विचारायला निघायची, पिंकी तिला परत बसवायची. माझ्या मेव्हण्यानं टॉवेल-टोपी घेतली आणि दिवसभर काढली नाही. लिंबाजीराव पाण्याचे जार उचलत घामाघूम होऊन पळत होते, तेही उभेच.

"थोडं तरी रुसा की," नर्मदाबाई माझ्या कानाशी लागल्या. "वऱ्हाडात कुणी रुसलं न्हाई तर मान राहत न्हाई."

मलाही वाटलं, एवढा हक्क मिळालाय तर वापरून बघावा. चहा गार आहे असं म्हणून मी कपाळाला आठी घातली आणि तोंड फिरवून बसलो. लिंबाजीरावांना कळताच ते धावत आले, चारचौघांत हात जोडून वाकले. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मीही उठून वाकलो आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. त्या चहात गार काहीच नव्हतं, उलट माझी जीभ भाजली होती. रुसणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

पांढऱ्या साडीत धम्मशीला आणि पांढऱ्या सदऱ्यात बालाजी उभे राहिले, त्रिसरण-पंचशील झालं, फुलांच्या पाकळ्या पडल्या. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि माझ्या मनावरचं सगळं ओझं उतरलं.

संध्याकाळी निघायची वेळ झाली तेव्हा सगळ्यांचाच गोंधळ उडाला. आजवर शेकडो पाठवण्या बघितल्या. मुलगी गाडीत बसते, बाप दारात उभा राहून रडतो. इथं मुलगी दारात उभी होती आणि गाडीत आम्ही बसत होतो. कुणी कुणाच्या गळ्यात पडायचं तेच कळेना. बँडवाल्यानंही जरा वेळ कर्णा तोंडाला लावून ठेवला आणि मग खाली घेतला.

धम्मशीला आतून शिदोरीचा डबा घेऊन आली. यादीत होतं ते, पण तो डबा तिनं स्वतः बांधला होता. आईच्या मांडीवर ठेवला, पिंकीच्या डोक्यावर टपली मारली, माझ्या खिडकीपाशी आली आणि काच नीट लावून घ्या, वारं लागंल, असं म्हणाली. मग गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली.

"सावकाश घ्या हो," ती ड्रायव्हरला म्हणाली, आणि मला म्हणाली, "पप्पा, पोचलाव की फोन करा."

गाडी वळणावर जाईपर्यंत ती दारात उभी होती, एका बाजूला बालाजी, दुसऱ्या बाजूला शाल पांघरलेले लिंबाजीराव. मी, घेणार पक्ष, पंचफुलाच्या पदरात तोंड घालून मानवतपर्यंत रडलो.

घरी पोचल्याबरोबर, चपला काढायच्या आधी, फोन केला. तिनं सगळ्यात आधी विचारलं, "जेवलाव का?"